निरंक

“सगळीकडे निरंकच?” सल्लागार बाईंनी विचारलं आणि त्या हसल्या. हसण्यात खवचटपणा नव्हता. एखाद्या फारच आवरलेल्या घरात शिरल्यावर पाहुणी हसते, तसं ते होतं. पण टेबलापलीकडे बसलेला तो दचकला. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं. एकतीस वर्षं तो हा शब्द लिहीत आला होता. अपघात: निरंक. तक्रारी: निरंक. कामामुळे उद्भवलेले आजार: निरंक. पेन टेकवलं की शब्द आपोआप उमटायचा, न बघता, पंख्याचं बटण हाताला सापडतं तसा. इतक्या वर्षांत त्या शब्दाला कुणी हसलं नव्हतं. फार तर शिक्का मारला होता. आणि आज ही तिशीतली बाई, गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट, त्याच्या कागदावर बोट ठेवून म्हणत होती, “साहेब, इतकी निरंक कंपनी जगात नसते हो.” त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याला राग आला होता, आणि राग आला की तो चष्मा पुसत असे.

कंपनी नळ बनवायची. न्हाणीघरातले, स्वयंपाकघरातले, मोठ्या हॉटेलांतले, ज्यांच्याखाली नुसता हात धरला की पाणी येतं तसलेही. नव्या कायद्याने आता असल्या कंपन्यांना दरवर्षी अहवाल देणं सक्तीचं केलं होतं: पाण्याचं काय केलंत, हवेचं काय केलंत, माणसांचं काय केलंत. एकशे बेचाळीस प्रश्न. थोरल्या मालकांनी उभ्या आयुष्यात ‘पृथ्वी’ हा शब्द उच्चारला नव्हता. धाकटे मालक तो दिवसातून वीसदा उच्चारत, आणि असा आवाज लावून, की जणू पृथ्वी म्हणजे त्यांची अंथरुणाला खिळलेली मावशी. अहवालाच्या मुखपृष्ठासाठी त्यांनी नळातून पडणाऱ्या एका थेंबाचा फोटो काढवला होता. नळ कंपनीचाच, पण तो कशालाही जोडलेला नव्हता. फोटोग्राफरच्या मदतनीस बाई टेबलाखाली बसून नळीतून बाटलीतलं पाणी वर सोडत होत्या आणि धाकटे मालक “अजून शुद्ध, अजून शुद्ध” म्हणत होते. त्याने ते दारातून पाहिलं होतं. त्याला कीव आली नाही. कीव यायला थोडी तरी माया लागते. त्याला तुच्छता वाटली, आणि तुच्छता ही त्याची आवडती गोष्ट होती. ती त्याने आयुष्यभर इस्त्री करून वापरली होती. तो कर्मचारी विभागाचा प्रमुख होता, कारखान्यात त्याला ‘रकानेसाहेब’ म्हणत, आणि सूचनांचा बारीक मजकूर शेवटपर्यंत वाचणारा त्या आवारातला तो एकटाच माणूस होता. बाकीच्यांना वाचता येतं का, अशी त्याला शंका होती.

“मी काय म्हणते,” बाई खुर्ची जवळ ओढत म्हणाल्या, “पाण्याचं जमलं, विजेचं जमलं. माणसांचा भाग तेवढा जरा... खरा वाटत नाही. निरंक वाचलं की तपासनीस खुर्ची पुढे ओढतो. एक-दोन वाचलं की मागे टेकतो. एखादा छोटासा आकडा असू द्या.”

“म्हणजे आजारी माणूस तयार करायचा?”

“अहो, असेलच की कुणीतरी. चारशे माणसांत नाही असं कसं होईल? जुन्या नोंदी काढा. आणि लक्षात ठेवा, हा भाग तुमच्या सहीने जाणार. परवा पाच वाजता एकदा का तुम्ही तो बंद केला, की तो थेट तपासनिसाकडे. मध्ये मीही हात लावू शकत नाही आणि मालकही. कायदाच आहे तसा.” आणि जाता जाता त्यांनी मसुद्यातल्या ‘कर्मचारी कल्याण’ या मथळ्याखालच्या एका ओळीवर पेन्सिलीने बरोबरची खूण केली. “हे मात्र छान हां. मोफत व्हॅसलिन वाटप. छोट्या छोट्या गोष्टींतूनच आस्था दिसते.” ती ओळ त्यानेच लिहिली होती, गेल्या आठवड्यात, भांडार विभागाच्या जुन्या यादीवरून, जागा भरायला. व्हॅसलिन कशासाठी वाटत असत हे बाईंनी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पण त्या निघून गेल्यावर तो एकटाच त्या खोलीत बसून राहिला आणि भिंतीच्या कडेला गालिच्याखालून डोकावणाऱ्या पिवळट डागाकडे बघत राहिला. खोलीच्या दारावर हिरव्या अक्षरांत ‘शाश्वतता कक्ष’ अशी पाटी होती. सहा वर्षांपूर्वीपर्यंत ही खोली नव्हती. इथे प्लेटिंग खातं होतं. नळांना जी आरशासारखी चकाकी येते ती इथे यायची, क्रोमच्या गरम टाक्यांमध्ये, आणि टाक्यांवर वाफ धरलेली असायची, आंबट, डोळ्यांत शिरणारी. मग ते काम बाहेर, कुठल्याशा कंत्राटदाराच्या शेडमध्ये गेलं, आणि तिथली माणसं आपली नसल्यामुळे त्यांना काय होतं हा प्रश्नच उरला नाही. इथे टाइल्स आल्या, त्यावर गालिचा आला, कुंडीतलं झाड आलं. डाग मात्र दर पावसाळ्यानंतर वर येई आणि हाऊसकीपिंगवाल्या बाई तो घासून काढीत. शाश्वत म्हणावं असं त्या खोलीत तेवढंच होतं.

प्रथमोपचार खोलीच्या जुन्या वह्या तळघरात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे सापडल्या. कंपाउंडर केव्हाच निवृत्त होऊन वारला होता, पण त्याचं गोलमटोल अक्षर अजून ठणठणीत होतं. बोट कापले, टिंचर. डोळ्यात कण, धुतले. चक्कर, लिंबूपाणी. तो उभ्या उभ्या चाळत होता, आणि अमुक एक ओळ आता येणार हे त्याला ती येण्याआधी कळलं, तोंडात दात दुखायच्या आधी कळतं तसं. तक्रार: नाक टोचले. उपाय: व्हॅसलिन. समोर समासात, तांबड्या पेन्सिलीने, दोन अक्षरं आणि एक टिंब: ‘वैय.’ वैयक्तिक. अक्षर त्याचं स्वतःचं. हा किस्सा त्याने किती जणांना सांगितला असेल! नवा नवा कामाला लागलो, सव्वीस वर्षांचा, वह्या तपासायचं काम माझ्याकडे. बघतो तर काय, प्लेटिंग खात्यातल्या बाप्याने नाक टोचलंय! फोरमनला विचारलं तर तो म्हणतो, हौस हो साहेब, हौस! आता माणसाने नाक टोचून घेतलं तर त्यात कंपनीचा काय संबंध? म्हणून मी आपलं लिहिलं, वैयक्तिक. लोक पोट धरून हसत. किस्सा होताही हसण्यासारखाच. फक्त प्लेटिंग खात्यात ‘नाक टोचलं’ कशाला म्हणतात, हे सांगायचं तो प्रत्येक वेळी विसरत असे. क्रोमची ती वाफ वर्ष-दोन वर्षं नाकात गेली की दोन नाकपुड्यांमधला पडदा झिजतो, खपली धरते, खपली पडते, आणि एके दिवशी तिथे भोक पडतं. दुखत नाही. दुखत नाही हीच त्यातली मेख. म्हणून ते चेष्टेवारी न्यायचे. नव्या माणसाचं नाक टोचलं की खातं त्याला चहा पाजायचं. टोचलं की पक्का झाला, म्हणायचे.

त्याने वह्या तिथेच, मोडक्या खुर्चीवर मांडल्या आणि मोजल्या. अकरा ओळी, अकरा नावं, अकरा वेळा ‘वैय.’ तिसरं नाव त्याच्या थोरल्या भावाचं होतं. आडनाव तेच, त्याचंच, आणि पुढे तांबड्या पेन्सिलीची ती शांत, सुबक अक्षरं. बाकी ओळींपुढे अक्षर जरा घाईचं होतं. भावाच्या नावापुढे ते जास्तच नीट काढलं होतं. ते त्याला सगळ्यात किळसवाणं वाटलं. त्याने तारखा पाहिल्या. सात ओळी लेकीच्या पाचव्या वाढदिवसाआधीच्या होत्या आणि चार नंतरच्या. वाढदिवसच का आठवावा? पण आठवला. फुगे, टोप्या, शेजारची मुलं, आणि मध्यभागी खुर्चीवर बसलेला दादा, म्हणाला होता, “या रे या, जादू बघा.” त्याने शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला, ओला केला, डाव्या नाकपुडीत घातला, जरा डोळे मिचकावले, आणि उजव्या नाकपुडीतून ते टोक बाहेर काढलं. मग दोन्ही टोकं धरून मागे-पुढे, मागे-पुढे. मुलं किंचाळली. लेक टाळ्या पिटत म्हणाली, “बाबा, तुम्ही करा ना! बाबा, तुम्ही का नाही करत?” वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली होती. आणि तो हसला होता. टोपी घातलेला, हातात कापलेल्या केकची बशी घेतलेला तो, मोठ्याने, सगळ्यांच्या बरोबर. म्हणजे त्या दिवसापासून तरी फोरमनवर काही ढकलता येत नव्हतं. त्या दिवशी त्याने ते भोक या बाजूने त्या बाजूला पाहिलं होतं. आणि त्यानंतरच्या चार ओळींपुढेही तांबडी पेन्सिल होतीच.

जगाला तुच्छ लेखण्यात एक मोठी सोय असते, ती त्याला त्या तळघरात प्रथमच दिसली. धाकटे मालक मूर्ख, फोरमन हलकट, सरकारी तपासनीस आळशी, सल्लागार बाई दीडशहाणी. या सगळ्यांच्या रांगेत आपण उभे नाही आहोत, बाजूला उभं राहून रांग मोजतो आहोत, असं त्याला कायम वाटत आलं होतं. कार्यालयात भिंतीवर सुरक्षेच्या सतरा ढाली टांगलेल्या होत्या, सलग सतरा वर्षं निरंक राहिल्याबद्दल, आणि ढाल घ्यायला व्यासपीठावर जायचे मालक, पण वर्षानुवर्षं तो शब्द लिहायचा तो. निरंक म्हणजे काय? ज्यात अंक नाही ते. शून्य नव्हे. शून्य काढायला आधी मोजावं लागतं. निरंकाला काहीच लागत नाही. रिकाम्या रकान्याला अब्रूदार दिसावं म्हणून घातलेला तो अंगरखा. हे त्याला नव्याने कळलं असं नाही. त्याला ते माहीत होतं, आणि माहीत असण्याचाच त्याला ताठा होता. वह्या काखेत मारून तो वर आला तेव्हा रखवालदाराने सलाम ठोकला आणि त्याने नेहमीसारखी मान हलवली, इतकी थोडी, की समोरच्याला ती दिसली की नाही हे कळू नये.

घरी पोचला तेव्हा जिन्यातच करपट वास भरला होता. दार दादानेच उघडलं. वहिनी गेल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, दादा त्यांच्याकडेच राहत होता. शब्दकोडी सोडवायचा, दळण आणायचा, आणि कुणीही घरात शिरलं की एकच प्रश्न विचारायचा. “काही करपतंय का रे छोट्या?” आताही त्याने तोच विचारला, हातात पेन्सिल, डोळे कोड्यावर. “नाही रे,” तो म्हणाला आणि खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागला. चार वर्षं तो हेच उत्तर देत आला होता, नाक वर न करता. वाकलेला असतानाच त्याला जाणवलं, की आपल्या नाकातोंडात धूर आहे. बायको त्याच्या मागोमागच जिना चढून आली, पिशवी दारात टाकून धावत आत गेली, आणि आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. दुधाचं पातेलं तळापर्यंत काळं झालं होतं. दादा तिथून चार पावलांवर बसला होता. बायको बाहेर आली ती पदराने डोळे पुसत. दादा उठून तिला म्हणाला, “माझंच चुकलं गं, दूध मीच ठेवलं होतं. मी याला विचारलं तर नाही म्हणाला.” तिने नवऱ्याकडे पाहिलं. नंतर, आत, खिडक्या उघडताना ती हलक्या आवाजात म्हणाली, “दादांना वास येत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?” तो म्हणाला, “तुला कुणी सांगितलं?” “जाऊबाईंनी. लग्न होऊन आले त्याच वर्षी. म्हणाल्या, यांच्या पुढ्यात काही शिजत ठेवू नकोस. मला वाटलं, तुम्ही भाऊ, तुम्हाला ठाऊकच असणार.” तिने त्याला तिथेच सोडलं आणि पातेलं घासायला घेतलं. ते घासणं बराच वेळ चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी शाश्वतता कक्षात त्याने अकरा हा आकडा टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे नुसता उच्चारला, पण खोलीत तो वस्तू ठेवल्यासारखा वाजला. धाकटे मालक आधी हसले. “अकरा? काका, अकरा म्हणजे क्रिकेटची टीम झाली की.” मग वह्या पाहिल्या, नाक टोचणं म्हणजे काय ते ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. खरंच उतरला, त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, आणि त्यामुळे ते आणखीच असह्य झाले. “अहो पण हे बाहेर गेलं तर? हॉटेलवाले आपले नळ घेतील? आपलं नाक कापलं जाईल, काका!” आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. आपल्या भाषेत नाकाला केवढा मान! नाक वर करायचं, नाक मुरडायचं, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं, मालकांचं नाक कापलं जाऊ नये म्हणून जिवाचं रान करायचं. आणि ज्यांची नाकं खरोखर आतून खाल्ली गेली त्यांच्यासाठी म्हणून काय, तर व्हॅसलिन. त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं. बाईंनी मात्र मान खाली घातली होती. त्या वहीवरून बोट फिरवत होत्या, आणि तांबड्या पेन्सिलीपाशी ते थांबलं.

“अकरा जड आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि जुनं. अहवाल यंदाचा. पण असं करता येईल. यातलं कुणी आज-उद्या डॉक्टरकडे गेलं, आणि डॉक्टरांनी कामामुळे म्हणून लिहून दिलं, तर तो यंदाचा धरू. एक. एक चांगला दिसतो. पारदर्शक वाटतो. तुमच्या ओळखीचं आहे का यातलं कुणी?”

“माझा भाऊ आहे.”

“अरे वा!” धाकटे मालक म्हणाले. आणि खुशीत येऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, पुढच्या वर्षी तुम्ही रिटायर, पण आम्ही तुम्हाला सोडणार नाही हां. हा कक्ष तुम्हीच सांभाळायचा.” तो हात खांद्यावर काही क्षण राहिला, उबदार, मऊ, अत्तराचा वास येणारा. त्याने तो झटकला नाही. उलट तो किंचित हसला. हसू फुटलं तेव्हा त्याला स्वतःचा चेहरा बाहेरून दिसला, टोपी घातलेला, केकची बशी हातात धरलेला.

संध्याकाळी त्याने दादापुढे विषय काढला. दादा गॅलरीत बसला होता, मांडीवर कोडं. “दादा, उद्या सकाळी जरा डॉक्टरकडे जाऊन येऊ.”

“मला काय धाड भरलीय?”

“नाक दाखवू.”

दादाने पेन्सिल कानामागे खोवली. “नाकाचं काय दाखवायचं राहिलंय आता? दाखवायचं ते तुझ्या लेकीला दाखवून झालं.” मग धाकट्या भावाचा चेहरा पाहून तो ऐकू लागला. धाकट्याने सगळं सांगितलं, अहवाल, कायदा, बाईंची युक्ती. आपण एखादं परिपत्रक वाचून दाखवतो आहोत असा आपला आवाज लागला आहे, हे त्याला कळत होतं.

“म्हणजे मी लिहिला जाणार,” दादा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी लकाकलं, आणि ते बघवेना.

“नाव नाही यायचं. नुसता एक म्हणून.”

“आणि बाकीचे? लंब्या? पहिलवान? ते दोघे साडू? शिट्टी?” शिट्टी म्हणजे ज्याच्या नाकातून श्वासागणिक शीळ वाजायची तो; फोरमनला डोळे मिटूनही त्याचा पत्ता लागे.

“बाकीचे जड होतात म्हणाल्या बाई.”

“जड!” दादा हसला, आणि हसताना त्याच्याही नाकात बारीक शीळ वाजली. “शिट्टी गेला तेव्हा चाळीस किलोचा नव्हता रे. आम्ही चौघांनी उचलला, पण दोघंही पुरले असते.” खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती पीं-पीं करत होती. “मी एकटा नाही जायचा, छोट्या. आमच्यात टाकीवर एकट्याला कधी उभं करत नसत. एक वाकला की दुसऱ्याने कंबर धरायची. लिहायचे तर अकरा लिही. नाहीतर तुझं ते निरंक बरं. त्यात निदान सगळे सारखे.”

“दादा, ती वही...”

“तांबडी पेन्सिल ना? ठाऊक आहे. कंपाउंडरने आणून दाखवली होती मला. हा बघ म्हणाला तुझा भाऊ. मी म्हटलं, असू दे, त्याला अजून कायम केलेलं नाही. माझ्याच शब्दावर घेतलाय, पहिल्याच वर्षी कुठे मालकांच्या डोळ्यांवर यायचं. कायम झाला की खोडेल.” त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि कोडं पुढे ओढलं. “मग तू कायम झालास,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. एवढं बोलून तो आडव्या शब्दांकडे वळला.

त्या रात्री त्याला झोप लागली, आणि त्याबद्दलही त्याला स्वतःची शिसारी आली. सकाळी ऑफिसात पोचल्यावर त्याने दार लावून घेतलं आणि सत्त्याण्णवाव्या प्रश्नाखालचा बारीक मजकूर वाचला, जो मालकांनी वाचला नव्हता, आणि बाईंनी वाचून सोडून दिला असावा. ‘पूर्वी नोंद न झालेली प्रकरणे ज्या वर्षी उघडकीस येतील त्या वर्षीच्या संख्येत दाखवावीत.’ म्हणजे अकरा जड नव्हते. अकरा यंदाचेच होते. उघडकीस काल आले होते, गालिच्यावर, पिवळ्या डागापासून हातभर अंतरावर. दुपारभर फोन वाजत राहिला. धाकट्या मालकांचा निरोप, डॉक्टरचा कागद आला का. बाईंचा निरोप, एकचा आधार जोडायला विसरू नका. त्याने ‘मोफत व्हॅसलिन वाटप’ ही ओळ कल्याणाच्या मथळ्याखालून काढली आणि सत्त्याण्णवाव्या प्रश्नाखाली, पुरावा म्हणून, लावली. वह्यांची अकरा पानं एकेक करून स्कॅनरच्या काचेवर पालथी घातली. तिसरं पान घालताना त्याचा हात थांबला नाही, आणि ते त्याला नंतर आठवलं. मग रकान्यात गेला. तिथे आधीच ‘निरंक’ होतं, त्यानेच गेल्या आठवड्यात भरलेलं. ते पुसायला पाच वेळा कळ दाबावी लागली. मग त्याने ११ लिहिलं. दोन एक, शेजारी शेजारी.

आकडा पडताच खाली नवा रकाना उघडला. ‘यापूर्वी नोंद का झाली नाही?’ आणि उत्तरांची यादी, निवडायला: माहिती उपलब्ध नव्हती. मोजण्याची पद्धत नव्हती. कर्मचाऱ्याने कळवले नाही. लागू नाही. इतर. यादी करणाऱ्याने माणसाच्या सोयीचं सगळं आधीच शोधून ठेवलं होतं, आणि त्या अनोळखी यादीकर्त्याबद्दल त्याला सवयीने तुच्छता वाटू लागली, पण ती अर्ध्यावरच विरली. ही यादी त्यानेही हुबेहूब अशीच केली असती. पाचला आठ मिनिटं होती. खालच्या अंगणात पाळी बदलण्याचा भोंगा झाला. आता याचं काय होणार ते त्याला स्पष्ट दिसत होतं: उद्या सकाळी बोलावणं, काका तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, निरोप-समारंभ नाही, कक्ष नाही, तपासनिसापुढे वह्या आणि वह्यांमधली तांबडी पेन्सिल. घाबरला होता तो. त्याने ‘इतर’ निवडलं. शंभर अक्षरांची जागा मिळाली. त्याने लिहिलं, ‘मला माहीत होतं.’ आणखी काही सुचतं का पाहिलं. जागा बरीच उरली होती. त्याने भाग बंद केला, आणि पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली.

घरी जाताना त्याने जिन्यात बायकोने टाकलेली केराची पिशवी उचलून खाली नेऊन ठेवली, परत वर आला, बेल वाजवली. दार दादाने उघडलं. मांडीवरचं कोडं तसंच हातात होतं. “अकरा लिहिले,” तो म्हणाला. दादाने त्याच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, टाकीतून काढलेला नळ उजेडात फिरवून बघतात तसं. मग म्हणाला, “बरं.” आणि खुर्चीकडे वळता वळता, सवयीने, “काही करपतंय का रे?”

उत्तर ओठांवर तयार होतं. तो दारातच बूट न काढता थांबला. मग तसाच आत गेला, स्वयंपाकघरात, शेगडीपाशी वाकला, एक बटण पाहिलं, दुसरं पाहिलं, झाकण उचलून नाक खाली नेलं, श्वास घेतला. बाहेर येऊन तो दादासमोर उभा राहिला.

“नाही,” तो म्हणाला. “पाहून आलो.”